काकाकुवांच्या बेटावरची गोदी

सिडनीच्या बंदरातील कॉकाटू बेटावर आधी तुरुंग होता, मग मुलींची सुधारशाळा आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या नौदलाची गोदी. दीड शतकाहून अधिक काळ सामान्य नागरिकांना बंद असलेले हे बेट २००७ सालापासून सर्वांसाठी खुले आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येईल अशा या सहलीची आणि बेटाच्या इतिहासाची ही ओळख.

सिडनीला गेलेला पर्यटक ऑपेरा हाऊस पाहतो, हार्बर ब्रिजवर छायाचित्र काढतो, बाँडायच्या किनाऱ्यावर फिरून येतो आणि शहर पाहून झाले असे समजतो. मुलाकडे किंवा मुलीकडे दोन-तीन महिन्यांसाठी गेलेल्या मराठी आईवडिलांचेही बहुधा असेच होते. पहिल्या आठवड्यातच प्रसिद्ध ठिकाणे संपतात आणि उरलेल्या दिवसांचे काय करायचे, हा प्रश्न पडतो. अशा वेळी सर्क्युलर की या धक्क्यावरून ऑपेरा हाऊसकडे पाठ करून पश्चिमेकडे जाणारी फेरीबोट पकडावी. बोट हार्बर ब्रिजच्या खालून जाते, बामेनसारख्या जुन्या गोदी-वस्तीच्या धक्क्यांना लागते आणि अर्ध्या तासाच्या आसपास एका खडकाळ बेटापाशी येऊन थांबते. दुरून दिसतात त्या गंजलेल्या याऱ्या, एक उंच धुराडे, पत्र्याच्या अवाढव्य शेड आणि माथ्यावरच्या पिवळसर दगडी इमारती. हेच कॉकाटू बेट.

पॅरामाटा आणि लेन कोव्ह या दोन नद्या जेथे एकत्र येतात, तेथे हे बेट आहे. सिडनी बंदरातील बेटांमध्ये ते सर्वांत मोठे. आज त्याचे क्षेत्रफळ सुमारे १८ हेक्टर आहे. मूळचे बेट १३ हेक्टरांच्या आसपास होते. बाकीची जमीन खडक फोडून आणि समुद्रात भर घालून तयार केलेली आहे. म्हणजे आज आपण ज्या भूमीवर पाऊल ठेवतो, तिचा मोठा भाग माणसांनी, तोही बराचसा बेड्या घातलेल्या माणसांनी घडविला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवून बेट पाहिले तर ते निराळे दिसू लागते.

नावात काय आहे?

युरोपीय येण्यापूर्वी या प्रदेशात राहणारे मूळ रहिवासी या बेटाला ‘वारीमा’ म्हणत. आता अधिकृत फलकांवर आणि पत्रकांवर हे नाव इंग्रजी नावाच्या जोडीने दिले जाते. इंग्रजी नाव पडले ते येथील झाडांवर येणाऱ्या काकाकुवांच्या थव्यांमुळे. पुढे १८७१ साली बेटावरील तुरुंगाची बदनामी पुसण्यासाठी त्याचे नाव बदलून ‘बिलोएला’ असे ठेवण्यात आले. हा मूळ रहिवाशांच्या एका भाषेतील शब्द असून त्याचाही अर्थ काकाकुवा असाच. नाव बदलले तरी बेटाची कीर्ती काही बदलली नाही आणि कालांतराने जुनेच नाव पुन्हा रूढ झाले. ‘बिलोएला’ हे नाव आता माथ्यावरील अधीक्षकाच्या जुन्या बंगल्यापुरते उरले आहे.

नेमके हेच बेट का?

ब्रिटनमधून ऑस्ट्रेलियात बंदिवान पाठविण्याची प्रथा १७८८ साली सुरू झाली आणि १८६८ साली संपली. या ऐंशी वर्षांत सुमारे एक लाख साठ हजार स्त्री-पुरुष जहाजांतून येथे आणले गेले. त्यांपैकी बहुतेकांना शिक्षेच्या काळात सरकारी किंवा खासगी कामावर लावले जाई आणि मुदत संपल्यावर मोकळे सोडले जाई. कॉकाटू बेटावर मात्र अशा नवागतांना नव्हे, तर वसाहतीत आल्यावर पुन्हा गुन्हा करणाऱ्यांना ठेवले जात असे. थोडक्यात, शिक्षेच्या आतली ही शिक्षा होती.

न्यू साउथ वेल्सचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज गिप्स यांनी १८३९ साली येथे तुरुंग सुरू केला. दूर प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरून बंदिवान आणून त्यांच्याकडूनच तो बांधून घेण्यात आला. बेट शहरापासून जवळ होते, त्यामुळे अधिकाऱ्यांची नजर राहणार होती. चहूबाजूंनी खोल पाणी असल्यामुळे पळून जाणे अवघड होते. शिवाय संपूर्ण बेट वालुकाश्माचे होते. हा दगड घडविण्यास सोपा, बांधकामास उत्तम आणि कैद्यांना वर्षानुवर्षे कामाला जुंपण्यास पुरेल इतका विपुल होता. येथून काढलेला दगड शहरातील बांधकामांसाठीही नेला जात असे.

खडकातली पेवे

धक्क्यावरून वर चढून माथ्यावर गेले की सर्वप्रथम पाहावीत ती खडकात खोदलेली धान्याची कोठारे. आपल्याकडे गावोगावी जमिनीत पेवे असत, त्यांचीच ही दगडी भावंडे म्हणावी लागतील. आकार बाटलीसारखा: वर माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड, आत गेल्यावर सुमारे ६ मीटर खोल आणि जवळजवळ तेवढीच रुंद पोकळी. अशी वीसच्या आसपास पेवे बंदिवानांनी छिन्नी-हातोड्याने अखंड खडकातून कोरून काढली.

त्यामागचे कारण दुष्काळाचे होते. १८३० च्या दशकाच्या अखेरीस वसाहतीत पाऊस हुलकावणी देऊन गेला आणि गव्हाचे भाव कडाडले. स्वस्ताईत धान्य घेऊन साठवावे आणि टंचाईत बाहेर काढावे, अशी गिप्स यांची योजना होती. तोंड बंद केले की आत हवा जात नाही, त्यामुळे कीड लागत नाही, हे तत्त्वही आपल्या पेवांचेच. पण लंडनमधील सरकारला ही योजना रुचली नाही. धान्याच्या खुल्या बाजारात सरकारने हात घालू नये, असा आदेश आला आणि धान्य साठविणे थांबवावे लागले. पुढे काही पेवे पाण्याच्या टाक्या म्हणून वापरली गेली. गोदीच्या विस्तारासाठी कडा फोडला तेव्हा काही पेवे मधोमध कापली गेली. त्यांचे उभे छेद आजही कड्यात दिसतात आणि त्यांवरील छिन्नीचे वण हाताने चाचपता येतात.

बराकी, पहारा आणि अंधारकोठडी

पेवांपासून जवळच दगडी बराकी, भोजनगृह आणि सैनिकांचे पहारागृह आहे. पहारागृहाचे छत आता नाही, पण भिंतींची जाडी पाहून त्याची जरब कळते. बराकीत जागा होती त्यापेक्षा कितीतरी अधिक माणसे कोंबली जात. रात्री दारे बंद झाली की आत काय चालते, याकडे पहारेकरी काणाडोळा करत. या अवस्थेची चर्चा तत्कालीन वृत्तपत्रांत आणि पुढे १८६१ साली हेन्री पार्क्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीसमोर झाली. हेच पार्क्स पुढे वसाहतीचे पंतप्रधान झाले आणि ऑस्ट्रेलियाच्या एकीकरणाचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले गेले.

एकांतवासाच्या कोठड्यांचा उल्लेख कागदपत्रांत होता, पण त्या नंतरच्या बांधकामाखाली गाडल्या गेल्या होत्या. २००९ साली येथे झालेल्या उत्खननात त्या पुन्हा उजेडात आल्या. जुन्या स्वयंपाकघराच्या खाली खडकात खोदलेल्या या खोल्यांत उजेडाला वाट नव्हती. त्या पाहताना पर्यटकांचा आवाज आपोआप खाली येतो.

या तुरुंगातून निसटलेल्यांमध्ये सर्वांत प्रसिद्ध झाला तो फ्रेडरिक वॉर्ड. घोडेचोरीच्या गुन्ह्यात अडकलेला हा तरुण सप्टेंबर १८६३ मध्ये एका साथीदारासह पाण्यात उतरला आणि पोहून पलीकडच्या किनाऱ्याला लागला. पुढे ‘कॅप्टन थंडरबोल्ट’ या नावाने त्याने सुमारे साडेसहा वर्षे वाटमारी केली. १८७० साली उराला गावाजवळ पोलिसांच्या गोळीने त्याचा अंत झाला. त्याची पत्नी मेरी अॅन बग हिने पोहत येऊन बेड्या कापण्यासाठी त्याला कानस पोहोचवली, अशी लोककथा आहे. इतिहासकार ती ग्राह्य धरत नाहीत. पण स्वतः मेरी अॅनचे आयुष्य कथेची गरज नसावी इतके विलक्षण होते. आदिवासी आई आणि ब्रिटनमधून आलेला बंदिवान पिता यांची ही कन्या लिहायला-वाचायला शिकलेली होती आणि कित्येक वर्षे ती वॉर्डबरोबर रानोमाळ वावरली.

कोचीच्या सागवानाचे जहाज

माथ्यावरून खाली उतरले की फिट्झरॉय गोदी लागते. बेटाच्या कहाणीला येथेच वळण मिळाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर प्रशांत महासागरात वावरणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांना तळाची दुरुस्ती करण्यासाठी जवळपास सोय नव्हती. त्यामुळे कॉकाटू बेटावर सुकी गोदी बांधण्याचे ठरले. गॉदर केर मान या अभियंत्याने आराखडा केला आणि काम बंदिवानांवर सोपविण्यात आले.

सुकी गोदी म्हणजे काय, हे येथे उभे राहिल्यावर चटकन कळते. किनाऱ्याला काटकोनात खडक कोरून जहाज मावेल एवढा लांबट हौद तयार करायचा. त्याच्या तोंडाशी तरंगता दरवाजा बसवायचा. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, दरवाजा जागेवर आणून त्यात पाणी भरून तो बुडवायचा आणि मग वाफेच्या पंपांनी हौदातले पाणी उपसायचे. पाणी उतरत जाते तसे जहाज तळावर रांगेने मांडलेल्या ठोकळ्यांवर अलगद बसते. ते कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी लाकडी टेकू देतात. हौदाच्या भिंतींना असलेल्या दगडी पायऱ्या या टेकूंसाठी आणि कामगारांना उतरण्यासाठी असतात. आता जहाजाचा तळ उघडा पडतो. कालवे आणि शेवाळ खरवडणे, फळ्या किंवा पत्रे बदलणे, रंग देणे अशी सारी कामे कोरड्यात करता येतात.

हे काम सुरुंगाच्या दारूने कडा उडवून आणि हाताने दगड तासून करण्यात आले. कित्येकदा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बंदिवान राबले. काम रेंगाळले, आणि त्याची तुलना करायला शेजारीच उदाहरण होते. समोरच्या बामेन किनाऱ्यावर थॉमस मॉर्ट या व्यापाऱ्याने मोलाचे मजूर लावून १८५४ साली आपली खासगी गोदी खोदायला घेतली आणि १८५५ साली ती सुरूही केली. फिट्झरॉय गोदी पूर्ण व्हायला १८५७ उजाडले. सक्तीची मजुरी फुकट असली तरी स्वस्त नसते, हे वसाहतीच्या लक्षात येण्यास हा एक अनुभव पुरेसा होता. मॉर्टची गोदी मात्र पुढे बुजविली गेली. बंदिवानांनी कोरलेली फिट्झरॉय गोदी आजही जशीच्या तशी उभी आहे.

भारतीय वाचकाला या गोदीशी जोडणारा एक धागा आहे. १८५७ च्या डिसेंबरात या गोदीत सर्वप्रथम आले ते ‘हेराल्ड’ हे ब्रिटिश नौदलाचे सर्वेक्षण जहाज. ते १८२२ साली आपल्या कोचीमध्ये बांधलेले होते. तेव्हा त्याचे नाव ‘टर्मगंट’ असे होते, ते १८२४ साली बदलण्यात आले. सागवान हे जहाजबांधणीला सर्वांत टिकाऊ लाकूड, म्हणून ब्रिटिश नौदल त्या काळी मुंबईत आणि कोचीत जहाजे बांधून घेत असे. कोचीत पाण्यात उतरलेले ते जहाज पस्तीस वर्षांनंतर नैर्ऋत्य प्रशांत महासागराचे नकाशे तयार करण्याच्या मोहिमेवर होते आणि त्याचा तळ साफ करण्याचा मान ऑस्ट्रेलियाच्या या नव्या गोदीला मिळाला.

मुलींची शाळा, मुलांचे जहाज

१८६९ साली कैद्यांना शहरातील डार्लिंगहर्स्ट तुरुंगात हलविण्यात आले. १८७१ पासून माथ्यावरच्या त्याच बराकींत निराधार आणि ‘वाया गेलेल्या’ मुलींची औद्योगिक शाळा व सुधारगृह सुरू झाले. कैद्यांसाठी बांधलेल्या खोल्यांत मुलींना ठेवताना कोणालाही संकोच वाटला नाही, हे त्या काळाचे द्योतक. मुलांसाठी ‘व्हर्नन’ नावाचे जुने जहाज बेटालगत नांगरून ठेवले होते. मुले त्यावर शिडे बांधणे, नौकानयन, शिवण, सुतारकाम शिकत. मुलींच्या वाट्याला मुख्यत्वे घरकाम आले. मुलींची शाळा १८८० च्या दशकाच्या अखेरीस येथून हलली आणि बराकींचा पुन्हा तुरुंग झाला. तो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चालला.

याच काळात खाली गोदीचा व्याप वाढत होता. लाकडी जहाजांची जागा लोखंडी, लांबलचक आगबोटींनी घेतली आणि फिट्झरॉय गोदी अपुरी पडू लागली. तेव्हा १८८२ ते १८९० या काळात शेजारीच सदरलँड गोदी बांधण्यात आली. ती त्या काळी जगातील सर्वांत मोठ्या सुक्या गोद्यांपैकी एक होती. या वेळी काम करणारे मजूर मोकळे होते आणि त्यांच्या हाताशी यंत्रे होती. दोन्ही गोद्या एकामागोमाग पाहिल्या तर तेहेतीस वर्षांत जहाजे किती वाढली, हे डोळ्यांना थेट दिसते.

नौदलाचे कारखाने

१९०१ साली ऑस्ट्रेलियातील वसाहतींचे एक राष्ट्र झाले आणि नव्या राष्ट्राला स्वतःचे नौदल हवे होते. जहाजे बांधण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. त्यामुळे ‘वारेगो’ ही विनाशिका ग्लासगोला बांधून, तिचे भाग सुटे करून येथे आणण्यात आले आणि कॉकाटू बेटावर पुन्हा जोडण्यात आले. १९१२ साली ती नौदलात दाखल झाली. शिकण्याची ही पद्धत उपयोगी पडली. १९१३ साली केंद्र सरकारने ही गोदी ताब्यात घेतली आणि १९१५ साली ‘ब्रिस्बेन’ या क्रूझरचे जलावतरण येथे झाले. ‘अॅडलेड’ या पुढच्या क्रूझरला मात्र साहित्याअभावी सात वर्षे लागली. १९२२ साली ती दाखल झाली तोवर खलाशांनी तिच्या नावाचे विडंबन करून तिला ‘लाँगडिलेड’ म्हणायला सुरुवात केली होती.

दोन महायुद्धांमधल्या मंदीच्या काळात कामे आटली. मिळेल ते काम करायचे या नियमाने बेटावर पूल, बॉयलर, टर्बाइन असे काहीबाही घडत राहिले. १९३४ साली तर येथे ‘कोडॉक’ नावाचे एक विमानही तयार झाले. १९३३ पासून गोदी भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे देण्यात आली होती.

फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि तेथील मोठा नाविक तळ मित्रराष्ट्रांनी गमावला. त्यानंतर नैर्ऋत्य प्रशांत क्षेत्रातील जहाजदुरुस्तीचा मुख्य भार या छोट्याशा बेटावर आला. हजारो कामगार पाळ्यांमध्ये रात्रंदिवस काम करत. सकाळ-संध्याकाळ त्यांच्या बोटींनी पाणी गजबजून जाई. नोव्हेंबर १९४२ मध्ये सॉलोमन बेटांजवळच्या लढाईत ‘न्यू ऑर्लिन्स’ या अमेरिकी क्रूझरची नाळ, म्हणजे पुढचा संपूर्ण भाग, पाणतीराच्या स्फोटाने तुटून गेला. खलाशांनी नारळाच्या झाडांचे ओंडके लावून तोंड बुजविले आणि नाताळच्या आदल्या दिवशी ती सिडनीला पोहोचली. कॉकाटूच्या कामगारांनी तिला तात्पुरते आखूड तोंड बसवून दिले आणि मार्च १९४३ मध्ये ती दुरुस्तीसाठी अमेरिकेकडे रवाना झाली. ऑस्ट्रेलियाची स्वतःची ‘होबार्ट’ ही क्रूझर त्याच वर्षी पाणतीर लागून आली, तिला पुन्हा उभे करण्यास १९४४ ची अखेर उजाडली. युद्धकाळातच येथे ‘अरुंटा’, ‘वारामुंगा’ आणि ‘बटान’ या तीन विनाशिकाही बांधल्या गेल्या. ‘बटान’चे जलावतरण जनरल मॅकआर्थर यांच्या पत्नीच्या हस्ते १९४४ साली झाले.

बेटाच्या पोटातून आरपार गेलेले दोन बोगदे मुख्यतः माल आणि माणसे या अंगाकडून त्या अंगाला नेण्यासाठी होते. युद्धकाळात हवाई हल्ल्यापासून बचावासाठीही बोगद्याचा वापर करण्याची व्यवस्था होती. बाहेर कडक ऊन असले तरी आत थंडावा असतो. चालताना पावलांचा आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो.

व्होयेजर आणि व्हॅम्पायर

युद्धानंतर येथे ‘व्होयेजर’ बांधली गेली. रिबेटी न ठोकता संपूर्ण वेल्डिंगने जोडलेले ऑस्ट्रेलियातले हे पहिले जहाज. १९५२ साली तिचे जलावतरण झाले. १० फेब्रुवारी १९६४ च्या रात्री सरावादरम्यान ती ‘मेलबर्न’ या विमानवाहू नौकेच्या समोर आली आणि टक्कर होऊन तिचे दोन तुकडे झाले. ८२ जण मृत्युमुखी पडले, त्यांत गोदीतला एक नागरी कामगारही होता. शांततेच्या काळात ऑस्ट्रेलियाच्या नौदलावर ओढवलेला हा सर्वांत मोठा घात मानला जातो.

तिची भगिनी-नौका ‘व्हॅम्पायर’ मात्र आपले आयुष्य पुरे करून १९८६ साली निवृत्त झाली. ती सिडनीच्याच डार्लिंग हार्बरमधील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात पाहायला मिळते. सहलीचा दिवस लवकर सुरू केला तर बेट आणि ही विनाशिका या दोन्ही गोष्टी एकाच दिवसात पाहता येतात. आधी जिथे जहाज बांधले ती जागा आणि मग ते जहाज, असा क्रम ठेवणे उत्तम.

१९७१ पासून पुढची वीस वर्षे ओबेरॉन वर्गाच्या पाणबुड्यांची मोठी दुरुस्ती हे गोदीचे प्रमुख काम राहिले. ‘सक्सेस’ हे येथे बांधलेले शेवटचे आणि सर्वांत मोठे जहाज. समुद्रात असलेल्या युद्धनौकांना इंधन व रसद पुरविणाऱ्या या जहाजाचे जलावतरण १९८४ साली झाले. १९८६ साली ते नौदलात दाखल झाले आणि २०१९ पर्यंत सेवेत राहिले. म्हणजे गोदी बंद झाल्यानंतरही सुमारे सत्तावीस वर्षे तिचे अखेरचे अपत्य समुद्रावर होते.

चौदा आठवडे

१९८७ साली केंद्र सरकारने जाहीर केले की भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर गोदी चालविली जाणार नाही आणि बेट विकले जाईल. बंदराच्या ऐन मध्यावरची १८ हेक्टर जमीन. तिला काय किंमत येईल, याचा अंदाज कोणालाही बांधता आला असता. १९८९ साली कामगारांनी या निर्णयाविरुद्ध बेटाचा ताबा घेतला आणि चौदा आठवडे ते तेथून हलले नाहीत. ज्या बेटावरून बंदिवान जिवावर उदार होऊन पळून जात, तेथेच राहता यावे म्हणून माणसे आता अडून बसली होती.

लढा संपला आणि नोकऱ्या वाचल्या नाहीत. १९९१ च्या अखेरीस भोंगा शांत झाला. यंत्रसामग्रीचा लिलाव झाला, अनेक शेड आणि धक्के पाडून टाकण्यात आले. पिढ्यानपिढ्या एकाच घरातले बाप-लेक ज्या कारखान्यात उमेदवारी करून फिटर, वेल्डर, बॉयलरमेकर झाले, तो कारखाना काही महिन्यांत रिकामा झाला. पुढची दहा वर्षे बेट ओसाड पडून होते. याच काळात, २००० च्या नोव्हेंबरात, इझाबेल को यांच्या नेतृत्वाखाली मूळ रहिवाशांच्या कार्यकर्त्यांनी येथे तंबू ठोकून या भूमीवर आपला हक्क सांगितला. हे बेट मुळात कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.

विक्री मात्र झाली नाही. बंदरातील जुन्या लष्करी जागा विकासकांच्या हाती जाऊ नयेत, अशी मागणी शहरात जोर धरत गेली. २००१ साली केंद्राच्या कायद्याने या जागांसाठी एक सार्वजनिक न्यास स्थापन झाला आणि बेट त्याच्याकडे आले. प्रदूषित माती काढणे, पडझड रोखणे अशी कामे झाल्यावर २००७ साली ते लोकांसाठी उघडले. ३१ जुलै २०१० रोजी युनेस्कोने ऑस्ट्रेलियातील अकरा बंदिवान-स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत कॉकाटू बेटाचा समावेश आहे.

आज काय पाहाल?

आज फिट्झरॉय गोदीच्या अवतीभवती जुने कारखाने उभे आहेत. टर्बाइनची शेड इतकी प्रशस्त आहे की आत गेल्यावर प्रथम छताकडेच नजर जाते. २००८ पासून सिडनी बिएनालेच्या अनेक आवृत्त्यांतील कलाकृती येथे मांडल्या गेल्या आहेत. ‘एक्स-मेन ओरिजिन्स: वूल्व्हरिन’ आणि ‘अनब्रोकन’ या हॉलिवूडपटांचे चित्रीकरणही बेटावर झाले. उंच धुराडे असलेल्या वीजगृहात नियंत्रण-पाट्या आणि जुनी विद्युत उपकरणे जागच्या जागी आहेत. माथ्यावर साचे आखण्याची इमारत आहे. जहाजाच्या प्रत्येक भागाची आकृती खऱ्या मापात लाकडी जमिनीवर रेखून, त्यावरून पत्रे कापण्याचे साचे तयार केले जात.

बेटावर तंबूत मुक्कामाचीही सोय आहे. रात्रीच्या वेळी बंदरातले दिवे पाहायला अनेक जण येथे राहतात. पण ज्यांना फक्त एकच दिवस काढता येईल त्यांनी घाई न करता आधी माथा, मग गोद्या आणि शेवटी बोगदा असा क्रम ठेवावा. चार-पाच तास सहज जातात.

या बेटावर ज्यांनी सर्वाधिक श्रम केले त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. पहारागृहाची भिंत, पेवाचा गळा, गोदीची पायरी यांवरचे छिन्नीचे वण तेवढे त्यांचे. बेट विकले गेले असते तर ते वणही उंच इमारतींच्या पायात गेले असते. आज तेथे जाण्यासाठी फेरीचे तिकीट पुरते आणि धक्क्यावर कोणी अडवत नाही. संध्याकाळची परतीची बोट सुटते तेव्हा याऱ्यांच्या सावल्या पाण्यावर लांब पडलेल्या असतात आणि समोर हार्बर ब्रिज दिसू लागतो.

कसे जाल?

* सर्क्युलर की आणि बारांगारू येथील धक्क्यांवरून कॉकाटू बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटी मिळतात. शहराच्या सार्वजनिक वाहतुकीचे ओपल कार्ड चालते. शेवटच्या बोटीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.

* बेटावर प्रवेश विनामूल्य आहे. मार्गदर्शकासह फेरी, ध्वनिमुद्रित माहिती आणि मुक्काम यांसाठी शुल्क पडते.

* चढ, पायऱ्या आणि खडबडीत फरशी यांमुळे चालण्याचे बूट घालावेत. टोपी आणि पिण्याचे पाणी जवळ असावे. सोबत डबा नेण्यास हरकत नाही.

* साधारण ऑगस्ट ते डिसेंबर हा सीगल पक्ष्यांच्या विणीचा हंगाम. घरट्यांजवळ गेल्यास ते अंगावर येतात, त्यामुळे अंतर राखावे. डबा उघडतानाही सावध राहावे!

* ऑस्ट्रेलियातील ऋतू आपल्या उलट असतात. डिसेंबर-जानेवारीत तेथे उन्हाळा असतो. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने फिरण्यास सुखद.

* बंदिवानांच्या इतिहासात रस असल्यास शहरातील हाइड पार्क बराकी जरूर पाहाव्यात. जागतिक वारशाच्या त्याच यादीत त्यांचाही समावेश आहे.